ॲल्युमिनियमवर रंग कां धरत नाहीं?

जुनी वस्तु टाकून न देतां दुरुस्त करून वापरावी, ही आपल्या कुटुंबांतील फार दिवसांची शिस्त आहे. पितळेच्या पातेल्यास कल्हई करून घ्यावी, भिंतीवरील घड्याळाची कमान बदलावी, आजीच्या शिवणयंत्रास तेल घालावें, यांत आपणांस नवें असें कांहीं नाहीं. याच शिस्तीनें वडिलांची किंवा काकांची मोटरसायकलहि अनेक घरांत जिन्याखालीं जपून ठेवलेली असते. १९५५ सालीं मद्रासेस स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट किंवा १९६१ पासून म्हैसुरास तयार होऊं लागलेली जावा अशा रीतीनें दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हातीं येते. घरांतील एखादें होतकरू मूल कॉलेजच्या सुटींत ती बाहेर काढतें, मिस्त्रीच्या मदतीनें इंजिन चालू करतें, आणि शेवटीं तिला नखशिखांत रंगवून घेण्याचा बेत ठरतो.

टाकी व मडगार्डें पोलादी पत्र्याचीं असतात. त्यांवरचा रंग नीट दिलेला असल्यास वर्षानुवर्षें टिकतो. परंतु इंजिनाचीं कव्हरें, चाकांचे हब, गिअरपेटीची बाजू असे जे ॲल्युमिनियमचे भाग, ते मात्र पहिला पावसाळा संपतो न संपतो तोंच फोड धरूं लागतात. रंगाखालीं पांढरी भुकटी जमते, आणि नखानें उचकटलें तर पोपडाच्या पोपडा हातांत येतो. रंगारी म्हणतो डबा वाईट होता. डबा विकणारा म्हणतो रंगारी वाईट होता. आणि पैसे देणारा दोघांच्या मध्यें उभा राहून विचार करीत बसतो.

डबा क्वचितच वाईट असतो. ॲल्युमिनियम हा धातुच असा आहे कीं, त्याचा जो गुण त्याचें रक्षण करतो, तोच गुण रंगास त्याच्या अंगावर टिकूं देत नाहीं. हें एकदां समजलें म्हणजे रंग कसा द्यावा हें तर कळतेंच, पण तो कोठें देऊं नये हेंहि कळतें. आणि हें दुसरें ज्ञान पहिल्याहून अधिक मोलाचें आहे. कारण चाकासारख्या भागाच्या बाबतींत हा नुसत्या शोभेचा प्रश्न राहत नाहीं. तो गाडीवर बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न होतो.

स्वयंपाकघरांतील पुरावा

या धातूचा स्वभाव रसायनशाळेपेक्षां स्वयंपाकघरांत अधिक लवकर कळतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत चिंचेचें किंवा आमसुलाचें सार करूं नये, ताक ठेवूं नये, असें घरांतील वडील स्त्रिया सांगत आल्या आहेत. धुण्याचा सोडा लावला कीं तें काळें पडतें, हेंहि त्यांस ठाऊक असतें. उलट तेंच पातेलें साध्या पाण्यानें धुऊन वर्षानुवर्षें वापरलें, तरी लोखंडी तव्यासारखा तांबडा गंज त्यास चढत नाहीं. आंबटानें बिघडतें, सोड्यानें बिघडतें, पाण्यानें बिघडत नाहीं, या तीन अनुभवांत सारें शास्त्र सामावलेलें आहे.

कारण असें. ॲल्युमिनियमला प्राणवायूची विलक्षण ओढ आहे. ताजें कापलेलें ॲल्युमिनियम हवेंत येतांक्षणींच प्राणवायूशीं संयोग पावतें व त्याच्या अंगावर ॲल्युमिनियम ऑक्साईडचा एक पापुद्रा तयार होतो. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील दोनचार भागांइतकीच त्याची जाडी असते. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण अत्यंत घट्ट असतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असून आंतील लोखंडास आणखी खाऊं देतो. हा पापुद्रा मात्र आंतील धातूस कवचासारखा झांकून टाकतो, आणि खरचटला तर क्षणांत पुन्हां नवा तयार होतो. माणिक व नीलम हीं रत्नें म्हणजे किंचित् परधातु मिसळलेलें याच ऑक्साईडचें स्फटिकरूप होय, यावरून त्याच्या टणकपणाची कल्पना येईल. मात्र तीव्र आंबट व तीव्र क्षार या दोहोंतहि तो विरघळतो. आम्लता मोजण्याचें पीएच नांवाचें जें माप आहे, त्याच्या सुमारें ४ ते ८.५ या टप्प्यांत तो सुरक्षित असतो. त्या टप्प्याच्या अलीकडे चिंच आहे, आणि पलीकडे सोडा.

हा धातु मनुष्याच्या हातीं आला तोहि उशीरानेंच. ज्या जांभ्या दगडानें कोंकणांतील घरें बांधलीं, त्याच कुळांतील, पण ॲल्युमिनियमचा अंश अधिक असलेल्या दगडास बॉक्साईट म्हणतात. कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत त्याचे साठे आहेत. परंतु प्राणवायूची मिठी सोडवून त्यांतून शुद्ध धातु काढणें अतिशय कठीण होतें. १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांशीं संबंध नसतांना, विद्युत्प्रवाहाच्या साहाय्यानें तो काढण्याची एकच रीत शोधली. योगायोग असा कीं, दोघेहि १८६३ सालीं जन्मले आणि दोघेहि १९१४ सालीं वारले. त्यानंतर हा धातु स्वस्त झाला. आपल्याकडे १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचें काम सुरू केलें, आणि हळूहळू त्याचीं भांडीं घरोघर पोंचलीं. पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश वजन, ओतण्यास सोपें आणि उष्णता चटकन वाहून नेणारें, म्हणून इंजिन बनविणारांनींहि तें उचललें. पातेलें व इंजिनाचें कव्हर हीं अशीं एकाच घराण्यांतलीं आहेत.

फोड रंगाचा नव्हे, धातूचा

रंग धातूस धरतो तो दोन प्रकारांनीं. पृष्ठभाग थोडा खरबरीत असेल तर रंग त्याच्या बारीक खांचांत रुतून बसतो. आणि पृष्ठभाग निर्मळ असेल तर त्याच्याशीं रंगाचें रासायनिक सख्य जमतें. जुन्या मोटरसायकलच्या कव्हरावर या दोहोंपैकीं एकहि गोष्ट नसते. वर्षानुवर्षें घासून तें गुळगुळीत झालेलें असतें, आणि त्याच्या पापुद्र्यानें हवेंतील ओल, तेलाची वाफ व पॉलिशचें मेण शोषून घेतलेलें असतें. अशा कव्हरावर दिलेला रंग धातूवर बसतच नाहीं. तो या मळलेल्या, दुबळ्या झालेल्या थरावर बसतो.

पुढें पावसाळा येतो. रंगाचा कोणताहि थर पूर्णपणें जलाभेद्य नसतो. थोडी ओल त्यांतून आंत झिरपतेच. ती धातूशीं पोंचली म्हणजे तेथें पांढरी भुकटी तयार होऊं लागते. ही भुकटी मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापते, म्हणून ती वरच्या रंगास उचलून धरते. पाहणारास फोड रंगास आला असें वाटतें. वस्तुतः तो खालच्या धातूस आलेला असतो. अशा फोडावरून नवा रंग मारणें म्हणजे ओल आलेल्या भिंतीस पुन्हां चुना लावण्यासारखें आहे.

समुद्रकिनाऱ्यावर ही क्रिया आणखी एक विचित्र रूप घेते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, वेंगुर्लें येथील हवेंत मिठाचे सूक्ष्म कण असतात व पावसाळ्यांत दमटपणा फार असतो. अशा ठिकाणीं रंगावर किंवा लॅकरवर एखादा खडा लागून टवका उडाला, कीं तेथून केसासारख्या बारीक रेषा निघतात आणि रंगाखालून वळणें घेत पसरत जातात. भिंतीवरील वाळवीच्या वाटा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस त्या ओळखण्यास वेळ लागणार नाहीं. रेषेच्या टोकाशीं मिठाचें पाणी धातु खात पुढें सरकतें आणि मागें भुकटी सोडत जातें. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेंत ज्या गाडीवरील लॅकर दहा वर्षें टिकलें, तेंच गाडी कोंकणांत नेल्यावर दोनतीन पावसाळ्यांत कां बिघडतें, याचा उलगडा येथें होतो.

याखेरीज तीन लहान कारणें आहेत. पहिलें कारण उष्णता. तापलें असतां ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. ३०० मिलिमीटर लांबीचें कव्हर १०० अंश सेल्सिअसनें तापलें तर सुमारें ०.७ मिलिमीटरनें लांबतें, व थंड झालें कीं पुन्हां आखडतें. दररोजच्या या ताणाआखडीस जुना, कडक झालेला रंग साथ देऊं शकत नाहीं आणि तडकतो. दुसरें कारण स्क्रू व बोल्ट. ॲल्युमिनियम आणि पोलाद किंवा पितळ एकमेकांस टेकून ओले झाले, कीं लहानसा विद्युत्घट तयार होतो व त्यांत झिजतें तें ॲल्युमिनियम. म्हणून बहुतेक वेळां रंग प्रथम बोल्टाच्या डोक्याभोंवतीं सुटतो. चकचकीत स्टेनलेस बोल्ट हौसेनें बसवणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट या बाबतींत अधिक सोसतात. तिसरें कारण ब्रेक ऑईल. नेहमींच्या वापरांतील डॉट ३ व डॉट ४ जातीचें ब्रेक ऑईल सांडलें तर रंग मऊ पडून सुरकुततो. तें पाण्यांत मिसळणारें असल्यामुळें लगेच भरपूर पाणी ओतल्यास नुकसान टळतें. फडक्यानें पुसून पसरवल्यास वाढतें.

रंगाआधींचें काम

येथवर वाचून कोणासहि वाटेल कीं, मग ॲल्युमिनियमवर रंग टिकणें अशक्यच आहे. तसें नाहीं. विमानें ॲल्युमिनियमचीं असतात आणि त्यांचा रंग टिकतो. मात्र तेथें रंग देण्यापूर्वीं जितकें काम होतें, तितकें आपल्या गल्लींतील दुकानांत होत नाहीं.

प्रथम तेल काढावयाचें. ओतीव धातु सूक्ष्म छिद्रांनीं भरलेला असतो व जुन्या कव्हरानें तेल पिऊन घेतलेलें असतें. तें रॉकेलानें पुसल्यास मळ निघतो, पण रॉकेलाचा स्वतःचा तेलकट थर मागें राहतो; म्हणून त्यानंतर सौम्य साबणाच्या गरम पाण्यानें धुवावें व शेवटीं रंगकामासाठीं मिळणाऱ्या, तेल विरघळविणाऱ्या द्रवानें स्वच्छ फडक्यानें पुसावें. फडकें वारंवार बदलावें. नाहींतर एका ठिकाणचें तेल दुसरीकडे पसरण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. ज्या पॉलिशांत सिलिकोन असतें, त्याचा अंशहि राहिला तर ओला रंग त्या जागेपासून दूर सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

काम झालें कीं नाहीं हें पाहण्याची परीक्षा फार सोपी व बिनखर्चाची आहे. भागावर स्वच्छ पाणी ओतावें. पाणी सबंध पृष्ठभागावर एकसारखें पसरून राहिलें तर तो निर्मळ आहे. कोठें थेंब थेंब होऊन वेगळें झालें तर तेथें तेल शिल्लक आहे. तुपाचा हात लागलेलें ताट विसळतांना जें दिसतें, तेंच येथें दिसतें.

नंतर पृष्ठभाग खरबरीत करावयाचा. यासाठीं पॉलिश पेपर वापरावा. लोखंडी तारांची घासणी कधींहि वापरूं नये. तिचे बारीक तुकडे मऊ ॲल्युमिनियमांत रुतून बसतात, व प्रत्येक तुकडा पुढें गंजाचें बीज ठरतो. याच कारणानें, ज्या दुकानांत लोखंडी भागांवर वाळूचा मारा करतात, तेथील तीच जुनी, लोखंडाचा कीस मिसळलेली वाळू ॲल्युमिनियमवर मारूं देऊं नये.

यानंतरची गोष्ट वेळेची. घासल्यावर नवा पापुद्रा तत्काळ तयार होतो हें खरें. पण तो ताजा व निर्मळ असतो आणि रंगाशीं त्याचें जुळतें. जसजसा वेळ जातो तसतसा तो ओल व मळ शोषूं लागतो. म्हणून शनिवारीं घासून ठेवलें व रविवारीं रंग दिला, असें करूं नये. घासणें, धुणें, वाळवणें व पहिलें अस्तर देणें हें सारें एका बैठकींत व्हावें. पावसाळी दिवस तर टाळावाच.

अस्तरहि साधें चालत नाहीं. लोखंडावर जें तांबडें किंवा करडें प्रायमर मारतात, तें ॲल्युमिनियमवर केवळ चिकटल्यासारखें दिसतें. येथें एच प्रायमर नांवाचें अस्तर लागतें. त्यांत थोडें फॉस्फोरिक आम्ल असतें. तें पापुद्र्यास किंचित् खातें आणि खातांखातांच त्याच्याशीं रासायनिक गांठ मारतें. चिंचेच्या ज्या गुणानें पातेलें बिघडतें, त्याच जातीचा गुण मोजून वापरला म्हणजे असा उपयोगी पडतो. हा थर अगदीं पातळ द्यावा. जाड दिल्यास आम्ल आंत अडकून राहतें आणि उलट फोड आणतें. त्यावर येणारें दुसरें अस्तर व रंग हे एकाच कारखान्याचे, एकमेकांशीं जुळणारे असावेत. दुकानदारानें निरनिराळ्या कंपन्यांचे तीन डबे पुढें केले तर नम्रपणें परत करावेत.

पावडर कोटिंग व चाकांचा धोका

अलीकडे रंगाऐवजीं पावडर कोटिंग करून घेण्याकडे लोकांचा कल आहे. यांत रंगाची कोरडी पूड विद्युत्भारित करून भागावर उडवितात व तो भाग भट्टींत घालून बहुधा १६० ते २०० अंश उष्णतेंत दहावीस मिनिटें भाजतात. पूड वितळून एकजीव, चिवट थर तयार होतो. चांगलें केलेलें पावडर कोटिंग साध्या रंगाहून अधिक टिकतें, यांत शंका नाहीं. परंतु आंतील पृष्ठभाग निर्मळ असण्याची अट येथेंहि सुटत नाहीं, उलट वाढते. ओतीव धातूच्या छिद्रांत दडलेलें तेल व हवा भट्टींतील उष्णतेनें बाहेर पडूं पाहतात आणि वितळलेल्या थरांतून बुडबुडे निघून टांचणीच्या अग्रासारखीं भोंकें पडतात. म्हणून जाणता कारागीर पूड उडविण्यापूर्वीं तो भाग एकदां तसाच भट्टींत तापवून घेतो व बाहेर आलेलें तेल पुसून मगच कामास लागतो. ‘आधीं रिकामा भाजतां काय?’ हा एक प्रश्न विचारला तरी समोरच्या माणसाची पारख होते.

येथवर जें सांगितलें तें शोभेचें व खर्चाचें झालें. चाकांची गोष्ट निराळी आहे. आपल्या बाजारांत या ओतीव चाकांस ‘मॅग व्हील’ म्हणतात. तें नांव मॅग्नेशियमच्या चाकांवरून आलें; आपल्याकडील बहुतेक चाकें मात्र सिलिकॉन व थोडें मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचीं असतात. अशा मिश्रधातूस बळकटी आणण्यासाठीं तो ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यांत विझवितात आणि नंतर १५० ते १७० अंशांच्या मंद आंचेंत कांहीं तास ठेवतात. या मंद आंचेंत त्याच्या अंगीं जें बळ येतें, तेंच अधिक तीव्र आंचेंत फार वेळ ठेवल्यास ओसरूं लागतें. दूध आटवतांना जशी आंच व वेळ दोन्ही सांभाळावीं लागतात, तसेंच हें आहे.

कारखान्यांतहि चाकांवर पावडर कोटिंग करतात, परंतु तेथें उष्णता व वेळ मोजलेले असतात. ज्या दुकानांत भट्टीस तपमापक नाहीं, जेथें ‘नीट बसलें नाहीं’ म्हणून तेंच चाक तीनतीनदां भाजतात, किंवा जुना रंग काढण्यासाठीं चाकावर उघडी ज्योत फिरवितात, तेथें धातूचें किती बळ गेलें हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. चाक दिसावयास नव्याहून नवें दिसेल. तें दुबळें झालें आहे हें खड्ड्यांत आदळल्यावरच कळेल.

रंगाचा दुसरा दोष असा कीं, तो तडे झांकतो. चाकास गेलेला बारीक तडा किंवा वेल्डिंग करून जोडलेली कड जाड रंगाखालीं सहज लपते. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, ही म्हण अशा चाकास जशी लागू पडते तशी क्वचितच कोठें पडत असेल. म्हणून जुनी गाडी विकत घेतांना एकटीं चाकेंच नवीं रंगवलेलीं दिसलीं तर आनंद न मानतां चौकशी करावी. स्वतःचें चाक रंगवावयाचें असल्यास आधीं सारा जुना रंग उतरवून, उजेडांत बारकाईनें पाहून, मगच पुढें जावें. तडा आढळल्यास त्या चाकावर एक पैसाहि खर्च करूं नये. तें मोडींत द्यावें.

तिसरी सूचना बैठकीच्या जागांविषयीं. बेअरिंग जेथें बसतें, आंसाचा नट जेथें टेकतो, ब्रेकची तबकडी जेथें बोल्टानें आवळतात, त्या सर्व जागा झांकूनच पावडर उडवावी. तेथें जाड थर राहिला तर दाबाखालीं तो हळूहळू दबतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. इंजिनास जेथें अर्थिंगची तार जोडतात, ती जागाहि उघडीच हवी. रंग वीज वाहून नेत नाहीं, व मग गाडी चालू कां होत नाहीं याचा शोध भलतीकडेच चालतो.

जेथें रंग नकोच

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. बुलेट किंवा जावा यांचीं इंजिनाचीं कव्हरें मूळचीं रंगवलेलीं नसतात. तीं घासून चकचकीत केलेलीं असतात. त्यांवर रंग देण्याची आवश्यकता आहे काय?

बहुतेक घरांच्या बाबतींत उत्तर ‘नाहीं’ असेंच द्यावें लागतें. उघड्या ॲल्युमिनियमचें रक्षण त्याचा स्वतःचा पापुद्राच करतो, आणि तो खरचटला तरी पैसे न मागतां पुन्हां उभा राहतो. रंगाचा थर खरचटला तर पुन्हां उभा राहत नाहीं. उलट ओल आंत कोंडून ठेवतो. उघडें कव्हर कांहीं महिन्यांनीं मंद पडतें खरें, पण सौम्य पॉलिशनें तासाभरांत पुन्हां उजळतें. किनाऱ्यावरील गांवांत पावसाळ्यापूर्वीं त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा व गाडी वरचेवर गोड्या पाण्यानें धुवावी. ज्या नव्या गाड्यांच्या कव्हरांवर कारखान्यांतूनच पारदर्शक लॅकर येतें आणि तें पिवळें पडून खालीं रेषा पसरूं लागतात, त्यांवरहि पुन्हां लॅकर चढविण्यापेक्षां जुनें पूर्ण काढून धातु उघडा ठेवणें पुष्कळदां श्रेयस्कर ठरतें.

ज्यांस पॉलिशची यातायात नको, त्यांस एक मार्ग आहे; तो म्हणजे धातूचा स्वतःचाच पापुद्रा जाड करणें. १९२३ सालीं इंग्लंडांत बेंगॉ व स्टुअर्ट यांनीं पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचें खाऱ्या पाण्यापासून रक्षण व्हावें म्हणून विद्युत्प्रवाहानें हा पापुद्रा वाढविण्याची युक्ति काढली. तिला अनोडायझिंग म्हणतात. निसर्गतः मिलिमीटरच्या कांहीं दशलक्षांश असणारा थर तींत हजारों पटींनीं जाड करतां येतो व तो धातूचाच भाग असल्यामुळें पोपडे धरत नाहीं. मात्र सिलिकॉन अधिक असलेल्या ओतीव भागांवर त्याचा रंग करडा व मळकट उमटतो. पत्र्याच्या किंवा घडीव भागांस तें अधिक शोभतें.

सिलिंडरच्या पात्यांचा अपवाद करतां येईल. त्यांवर उष्णता सोसणारा काळा रंग अगदीं पातळ दिल्यास इंजिन गुदमरतें, ही समजूत बरोबर नाहीं. काळा पृष्ठभाग चकचकीत धातूपेक्षां उष्णता अधिक बाहेर टाकतो. बाधा होते ती जाड थराची व पात्यांमधील साचलेल्या चिखलाची.

घरांतील माणसांसाठीं

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिचा संबंध गाडीशीं नसून घराशीं आहे. हें काम हौसेनें घरच्या ओसरीवर किंवा बंद खोलींत केलें जातें, आणि त्याच घरांत वृद्ध माणसें व लहान मुलें असतात.

जुना रंग उतरविण्याच्या कांहीं द्रवांत डायक्लोरोमीथेन असतें. त्याची वाफ श्वासावाटे शरीरांत गेल्यावर तिचा कांहीं अंश कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूंत रूपांतर पावतो. बंद जागेंत तें वापरतांना माणसें दगावलीं आहेत. म्हणूनच अमेरिकेनें २०१९ सालीं घरगुती ग्राहकांस तें रंग काढण्यासाठीं विकण्यास मनाई केली. डबा घेतांना त्यावरील घटकांचीं नांवें वाचावीं. दोन डब्यांतील द्रव्यें मिसळून जो टणक रंग तयार होतो, त्याच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट असतें. त्याच्या फवाऱ्यानें दमा जडूं शकतो आणि साधा कापडी मुखपट्टा तो अडवीत नाहीं. कांहीं जुन्या पिवळसर अस्तरांत क्रोमेट असतें, व तें कर्करोगास कारण होतें हें सिद्ध झालेलें आहे. असें अस्तर कोरडें घासून त्याची धूळ उडवूं नये. कॉस्टिक सोड्यानें रंग काढण्याचा मोह होईल, पण सोडा ॲल्युमिनियमलाच खातो आणि त्यांतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो. चाकें झटपट उजळविणाऱ्या कांहीं द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतें. तें कातडींतून आंत शिरून हाडांपर्यंत इजा करतें, तेव्हां त्यास घरांत थाराच देऊं नये.

म्हणून धुणें, पुसणें, हातानें घासणें व पॉलिश करणें एवढीं कामें घरीं खुशाल करावीं. त्यांत मुलांच्या हातास वळण लागतें आणि यंत्राची ओळख होते. फवाऱ्याचें व भट्टीचें काम मात्र योग्य साधनें असलेल्या कारागिराकडेच द्यावें. त्याच्याकडे जातांना चार प्रश्न बरोबर न्यावेत: तेल कसें काढतां, अस्तर कोणतें देतां, भट्टीचें तपमान मोजतां काय, आणि कोणत्या जागा झांकतां? ज्याला या प्रश्नांचा राग येत नाहीं, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें द्यावी, आणि तो मागेल ते दोन पैसे अधिक द्यावेत. कारण ते तो रंगासाठीं मागत नसून, रंग लावण्यापूर्वींच्या, पुढें कोणासहि न दिसणाऱ्या कामासाठीं मागत असतो. आणि रंगाचें सारें आयुष्य त्या कामावरच अवलंबून असतें.